शिक्षिकांच्या कपाटातले कपडे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



'नवा कुलगुरू' या विषयावर बोला, असा निरोप आला तेव्हा मला आधी हसू आले. माझे शिक्षण बी.ए.पर्यंतचे. विद्यापीठाच्या आवारात मी गेले ती एकदा पदवीदानाला आणि पुढे दोन-तीन कविसंमेलनांना. कुलगुरूंचे दालन मी बाहेरूनच पाहिले आहे. दारावरची पितळी पाटी आणि बाकावर बसलेली माणसे, एवढीच माझी ओळख.

पण आपण सगळेच नवे कुलगुरू वर्तमानपत्रांत पाहत असतो. पहिल्या दिवशी शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. दुसऱ्या दिवशी मुलाखत. विद्यापीठ जागतिक दर्जाचे करायचे आहे, संशोधनाला चालना द्यायची आहे, निकाल वेळेवर लावायचे आहेत. यातला निकालांचा भाग तरी खरा व्हावा, अशी पालकांची माफक अपेक्षा असते. पाच वर्षांनी दुसरी शाल येते आणि पहिल्या कुलगुरूंचे काय झाले ते कुणाला आठवत नाही.

म्हणून मी आज एका अशा बाईंविषयी बोलणार आहे, ज्यांनी खुर्चीवर बसल्यानंतर थोड्याच दिवसांत विचारले, की ही खुर्ची ज्या इमारतीत आहे ती कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या हातांनी उभी राहिली? त्यांचे नाव रूथ सिमन्स. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाची सूत्रे त्यांनी जुलै २००१ मध्ये घेतली. तिकडे या पदाला 'प्रेसिडेंट' म्हणतात, म्हणजे अध्यक्ष. आपल्या कुलगुरूंसारखेच काम. फरक इतकाच, की डोक्यावर राज्यपाल नसतात आणि वर्षातला अर्धा वेळ देणग्या मागण्यात जातो. ब्राउन हे आयव्ही लीग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आठ जुन्या, खासगी, प्रतिष्ठित विद्यापीठांपैकी एक. या आठांपैकी कुठल्याही विद्यापीठाच्या प्रमुखपदी आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. ब्राउनच्या इतिहासात पहिल्या स्त्री अध्यक्षही त्याच.

त्यांचे 'अप होम' हे आत्मकथन २०२३ मध्ये आले. माझ्या भाचीने ते मला आणून दिले. माझे इंग्रजी बी.ए.पुरतेच, शेजारी शब्दकोश ठेवून वाचले. पण पहिल्या काही पानांत शब्दकोश फारसा लागला नाही, कारण कापूस, बटई आणि दारिद्र्य हे शब्द मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

रूथ यांचा जन्म ३ जुलै १९४५चा. गाव ग्रेपलँड, टेक्सास राज्याच्या पूर्व भागात. आई-वडील बटईने शेती करणारे. बारा भावंडांत रूथ शेवटच्या. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. पण जमीन गोऱ्या मालकाची, बी-बियाणे त्याच्याकडचे, हिशेबाची वहीही त्याच्याच घरची. हंगाम संपला की निम्मे पीक मालकाचे, आणि उरलेल्या निम्म्यातून उधारी वळती करून हाती काय पडायचे ते बटईदारालाच ठाऊक. ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. मी मराठवाड्यातली आहे. वेचणीच्या दिवसांत वर्गातली निम्मी बाके रिकामी असत आणि आमचे गुरुजी हजेरी घेताना काही नावे वाचतच नसत. ग्रेपलँडमध्येही मुलांची शाळा कापसाच्या मागून चाले.

त्या गावातल्या शाळेत रूथना इडा मे हेंडरसन नावाच्या पहिल्या शिक्षिका भेटल्या. अंधाऱ्या घरातून आलेल्या मुलीला तो उजेडाचा, नीटनेटका वर्ग आणि आपल्याशी गोडीने बोलणारी बाई, दोन्ही नवलाचे वाटले. मोठेपणी मोठमोठ्या सभागृहांत बोलतानाही रूथ या बाईंचे नाव घेत राहिल्या.

त्या सातेक वर्षांच्या असताना कुटुंब ह्यूस्टन शहरात आले, 'फिफ्थ वॉर्ड' नावाच्या काळ्या लोकांच्या गरीब वस्तीत. वडील कारखान्यात लागले, पुढे बाप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक झाले. आई फॅनी लोकांच्या घरची कामे करी, कपड्यांना इस्त्री करी. आईचे बोट धरून गोऱ्यांच्या घरी गेलेली ही मुलगी तिथे आई कशी बोलते, कशी मान राखून वागते आणि तरी स्वतःला कमी लेखत नाही, हे पाहत असे. आईवर त्यांनी पुढे निबंधही लिहिला.

इथे मी थोडी थांबते. माझे अब्बा शिंपी होते. दुकान म्हणजे बसस्टँडमागचे एक टपरीवजा खोके. कोळशाची इस्त्री तापली की ते आधी पाण्याचे बोट लावून पाहत, 'चर्र' आवाज आला की मगच कापडावर टेकवत. दुसऱ्याच्या कपड्याला डाग पडला तर महिन्याची कमाई जायची. त्यामुळे लोकांच्या कपड्यांना इस्त्री करणारी आई असे वाचले की मला शिक्षणाच्या गप्पांआधी तो आवाज ऐकू येतो.

रूथ पंधरा वर्षांच्या असताना आई गेली. माध्यमिक शाळेत त्यांना शिक्षकांनीच सावरले. व्हर्नेल लिली या नाटक शिकवणाऱ्या शिक्षिका न्यू ऑर्लिन्सच्या डिलार्ड विद्यापीठात शिकलेल्या होत्या. त्यांनी रूथना तिकडची वाट दाखवली, शिष्यवृत्ती मिळाली. प्रवेश झाला, पण कॉलेजात घालायला कपडे कुठे होते? तेव्हा शिक्षिकांनी आपापल्या कपाटांतून कपडे काढून दिले. हार्वर्डची पीएच.डी., तीन संस्थांचे अध्यक्षपद, टाइम साप्ताहिकाने २००१ मध्ये केलेला गौरव, हे सगळे त्यानंतरचे.

त्या शाळेचे नाव होते फिलिस व्हीटली हायस्कूल. कवयित्री म्हणून मला हे नाव सोडून पुढे जाववत नाही. फिलिस ही १७६१ साली आफ्रिकेतून बोस्टनला विकायला आणलेली सात-आठ वर्षांची मुलगी. जिच्यातून आणली त्या जहाजाचे नाव फिलिस, विकत घेणाऱ्या घराचे आडनाव व्हीटली. तेच तिचे नाव झाले. तिचे स्वतःचे नाव काय होते ते जगाला कळलेच नाही. ती मालकाच्या घरी इंग्रजी शिकली, कविता लिहू लागली आणि १७७३ मध्ये लंडनमध्ये तिचा कवितासंग्रह छापला गेला. त्या कविता खरोखर तिच्या आहेत, असे शहरातल्या प्रतिष्ठित पुरुषांना लिहून द्यावे लागले. परक्या भाषेत लिहिणाऱ्याकडे दाखला मागण्याची ही रीत जुनी आहे. मलाही एका कचेरीत एकदा विचारले होते, 'तुमच्या घरात उर्दू ना? मग मराठीत कोण लिहून देते?' घरात आम्ही दखनी बोलतो हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी चहा पिऊन परत आले.

डिलार्डमधून रूथ १९६७ मध्ये पदवीधर झाल्या. मधले एक वर्ष त्या वेल्स्ली या मुलींच्या नामांकित कॉलेजात काढून आल्या होत्या. तिथल्या अध्यक्ष एक स्त्री होत्या, मार्गारेट क्लॅप. बाई कॉलेजची प्रमुख असू शकते, हे रूथनी तिथे पहिल्यांदा पाहिले. नंतर वर्षभर फ्रान्स, मग हार्वर्ड. १९७३ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विषय काय? फ्रेंच. त्यातही एमे सेझेर या कवीची काव्यभाषा.

सेझेर मार्टिनिक बेटाचे. कॅरिबियन समुद्रातली ही तेव्हाची फ्रेंच वसाहत, उसाच्या मळ्यांवर राबवायला आणलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांची. सेझेर पॅरिसमध्ये शिकले आणि फ्रेंच भाषा त्यांनी अशी वापरली, की ती मालकांची राहिलीच नाही. 'काळेपण' ही शिवी होती, तिचा त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी झेंडा केला. पुढे अनेक दशके ते आपल्या गावाचे, फोर-द-फ्रान्सचे, महापौर होते. योगायोग असा, की ते महापौरपदावरून उतरले २००१ मध्ये आणि त्यांच्या कवितेवर प्रबंध लिहिणारी मुलगी त्याच वर्षी ब्राउनच्या अध्यक्षपदावर बसली.

टेक्सासच्या काळ्या बटईदाराच्या मुलीने फ्रेंच का शिकावे, असे तिला किती जणांनी विचारले असेल! माझा स्वतःचा अनुभव एवढाच आहे, की जी भाषा आपल्यासाठी नाही असे लोक सांगतात, तिच्याकडे आपण जरा जास्तच लक्ष देऊन पाहतो. मराठीतली अनुनासिके, 'ळ', 'ण' हे मी जेवढ्या काळजीने उच्चारले तेवढ्या काळजीने माझ्या वर्गातल्या देशपांडे-कुलकर्ण्यांच्या मुलींनी उच्चारले नसतील. त्यांना त्याची गरजच नव्हती.

पुढची नोकरीची वर्षे मी भराभर सांगते, कारण नोकरीची वर्षे सगळ्यांची सारखीच कंटाळवाणी असतात. न्यू ऑर्लिन्सला प्राध्यापकी, मग कॅलिफोर्निया, १९८३ पासून प्रिन्स्टन. तिथे आफ्रिकी-अमेरिकी अभ्यासविभाग त्यांनी नीट उभा केला. टोनी मॉरिसन यांच्यासारखी कादंबरीकार १९८९ मध्ये प्रिन्स्टनला आली त्यात त्यांचा हात होता. मधली एक-दोन वर्षे अटलांटातल्या स्पेलमन या काळ्या मुलींच्या कॉलेजात. आणि १९९५ मध्ये स्मिथ कॉलेजचे अध्यक्षपद. स्मिथ हे मुलींचे जुने, श्रीमंत कॉलेज. साहित्य, कला यांसाठी नावाजलेले. तिथे या फ्रेंचच्या प्राध्यापिकेने काय सुरू करावे? अभियांत्रिकी! अमेरिकेतल्या केवळ मुलींच्या कॉलेजात स्वतःचा अभियांत्रिकी अभ्यासक्रम हा पहिलाच. सुरुवात १९९९ची, पहिली तुकडी बाहेर पडली २००४ मध्ये. मला ही गोष्ट फार आवडली. कवितेच्या माणसाला लोखंडाचे महत्त्व कळते, याचा हा लेखी पुरावा.

आता ब्राउन. अटलांटिक किनाऱ्यावरचे ऱ्होड आयलंड हे चिमुकले राज्य, त्यातले प्रॉव्हिडन्स हे शहर. कॉलेजची स्थापना १७६४ची. नव्या अध्यक्षांपुढे प्रश्न पुष्कळ होते. आयव्ही लीगच्या मानाने ब्राउनची गंगाजळी कमी. प्राध्यापक अपुरे. आणि प्रवेशाच्या बाबतीत एक गोष्ट अशी होती, की जी तिथे सगळ्यांना माहीत होती आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हते. काही जागा भरताना अर्ज करणाऱ्या मुलाची फी भरण्याची ऐपत पाहिली जाई. हुशारी सारखी असेल तर पैसेवाला आत, गरीब बाहेर.

सिमन्स यांनी २००२ मध्ये जो आराखडा मांडला त्यात शंभर नवे प्राध्यापक नेमण्याचे उद्दिष्ट होते, नव्या प्रयोगशाळा होत्या. हे कुणीही म्हणेल. पण त्यात हेही होते, की यापुढे प्रवेशाचा निर्णय घेताना ऐपतीचा कागद उघडायचाच नाही. आधी मूल निवडायचे, मग त्याला लागेल तेवढी मदत करायची. २००३ मध्ये दाखल झालेल्या विद्यार्थ्यांपासून हे अमलात आले. अमेरिकेतल्या मुलांपुरतेच, आपल्याकडून जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी तो नियम लागू व्हायला आणखी दोन दशके लागली. पण सुरुवात झाली.

याला पैसा लागतो आणि तो मागावा लागतो. सिमन्स यांना मागण्याची लाज नव्हती. २०१०च्या अखेरपर्यंत चाललेल्या त्यांच्या मोहिमेत दीड अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्यातली एक देणगी सांगण्यासारखी आहे. सिडनी फ्रँक नावाचे एक गृहस्थ तरुणपणी ब्राउनमध्ये एक वर्ष शिकले आणि पुढच्या वर्षाची फी भरता येईना म्हणून कॉलेज सोडून गेले. पुढे मद्याच्या धंद्यात त्यांनी अफाट संपत्ती मिळवली. २००४ मध्ये त्यांनी ब्राउनला दहा कोटी डॉलर दिले, गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी. तोवर ब्राउनला मिळालेली ती सर्वांत मोठी देणगी होती. ज्या दारातून पैशाअभावी बाहेर पडावे लागले त्याच दाराला त्यांनी बिजागऱ्या बसवून दिल्या.

पैसा आला, प्राध्यापक आले. एवढ्यावर सिमन्स थांबल्या असत्या तर त्या यशस्वी अध्यक्ष म्हणून निवृत्त झाल्या असत्या आणि मी आज दुसऱ्याच कुणाविषयी बोलत असते. पण २००३ मध्ये त्यांनी एक समिती नेमली. प्राध्यापक, विद्यार्थी, प्रशासनातली माणसे. काम हे, की ब्राउन विद्यापीठाचा गुलामांच्या व्यापाराशी कसा आणि किती संबंध होता ते कागदपत्रांतून शोधा, आणि अशा जुन्या अन्यायाबद्दल आजच्या संस्थेने काय करायचे असते, यावर उघड चर्चा घडवा.

समितीने तीन वर्षे घेतली. २००६ मध्ये अहवाल आला. त्यातल्या गोष्टी वाचून माझी झोप उडाली होती. ऱ्होड आयलंड हे उत्तरेकडचे राज्य. गुलामगिरी दक्षिणेची असे आपण शाळेत शिकतो. पण उत्तर अमेरिकेतून आफ्रिकेकडे गेलेल्या गुलामजहाजांपैकी सुमारे ६० टक्के या एवढ्याशा राज्यातून सुटली होती. शतकभरात लाखाच्या घरात माणसे त्यांनी वाहून नेली. ब्राउन कुटुंबातले चार भाऊ, निकोलस, जोसेफ, जॉन आणि मोझेस, हे शहरातले बडे व्यापारी. कॉलेजला सनद मिळाली त्याच वर्षी, १७६४ मध्ये, त्यांचे 'सॅली' नावाचे जहाज आफ्रिकेला गेले. कप्तानाने १९६ माणसे मिळवली. त्यांतली किमान १०९ दगावली. काही रोगाने, काही उपासमारीने, काही जहाजावर उठाव केला म्हणून मारली गेली, काहींनी जीव दिला. मेलेल्यांची नोंद जमाखर्चाच्या वहीत होती. अनुक्रमांक टाकून.

ब्राउनच्या नियामक मंडळावरचे तीसेक सदस्य गुलामजहाजांचे मालक किंवा कप्तान होते. १७७० साली बांधायला घेतलेल्या पहिल्या इमारतीवर, युनिव्हर्सिटी हॉलवर, गुलामांनीही काम केले. काही प्रतिष्ठितांनी वर्गणी म्हणून आपल्या गुलामाचे श्रम दिले. त्या नोंदींत पेरो हे नाव सापडते. अध्यक्षांची कचेरी याच इमारतीत आहे. रूथ सिमन्स या गुलामांची पणती; त्या रोज सकाळी जिना चढून तिथे जात होत्या.

भावाभावांत मात्र फूट पडली. मोझेस ब्राउन यांनी १७७३ मध्ये आपल्याकडचे गुलाम मुक्त केले आणि ते क्वेकर पंथात गेले, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढले. जॉन ब्राउन शेवटपर्यंत त्या व्यापाराचे समर्थन करत राहिले. ते कॉलेजचे खजिनदार होते. १७९७ मध्ये गुलामव्यापारविरोधी कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला आणि कायदा करून घेण्यासाठी झटणाऱ्यांत सख्खा भाऊ होता. एकाच घरातल्या अशा दोन माणसांवर आपल्याकडे नाटक झाले असते. १८०४ मध्ये पुतण्याने, धाकट्या निकोलसने, पाच हजार डॉलर दिले आणि कॉलेजला ब्राउन हे नाव मिळाले.

श्रोतेहो, विद्यापीठाचे नाव ही काय चीज आहे, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. माझ्या पदवीपत्रावर 'मराठवाडा विद्यापीठ' असे छापलेले आहे. माझ्यानंतर तीनेक वर्षांनी पदवी घेतलेल्या माझ्या चुलतभावाच्या पदवीपत्रावर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. त्या अधल्यामधल्या शब्दांसाठी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत सोळा वर्षे गेली, घरे जळाली, माणसे गेली. मी तेव्हा लहान होते, पण आमच्या गावातल्या वस्तीवर रात्री कंदील विझवून लोक बसून राहत ते मला आठवते. ब्राउनचे नाव बदलले नाही. समितीने तसे सुचवलेही नाही. मला विचाराल, तर नाव ठेवून त्याखाली काय दडले आहे ते दगडावर कोरणे, हाही एक मार्ग आहे. फक्त तो दुखावलेल्यांनी निवडावा, दुखावणाऱ्यांनी नव्हे. इथे तो समिती नेमणाऱ्या बाई कोण होत्या यावरून त्याला वजन आले.

आणखी एक धागा आपल्याकडचा. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ मध्ये छापले आणि ते अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केले, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, ही आशा त्यामागे होती. फिलिसच्या पुस्तकानंतर आणि मोझेस ब्राउनने गुलाम सोडल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी पुण्यात बसून एक माणूस अमेरिकेतल्या भल्यांचे आभार मानतो! ते भले लोक खरेच होते. पण त्यांच्याच गावांत, कधी त्यांच्याच घरात, दुसरा भाऊ होता, आणि कॉलेजच्या तिजोरीत दोघांचेही पैसे पडत होते. ब्राउनचा अहवाल हाती आला असता तर जोतिरावांनी तो अर्पणपत्रिकेला जोडला असता, असे मला वाटते. त्यांना शाळा काढताना पैसा कुठून येतो ते चांगले ठाऊक होते.

आपल्याकडच्या आणखी एका कुलगुरूंनी काळ्या अमेरिकेची ओळख मराठीला करून दिली, डॉ. जनार्दन वाघमारे यांनी. 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे त्यांचे पुस्तक. तेच पुढे, १९९४ मध्ये, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. दलित पँथर १९७२ मध्ये निघाली ती ब्लॅक पँथरच्या नावावरून. आमच्या पिढीला हे सगळे एकत्रच वाचायला मिळाले.

ब्राउनने अहवालावर काय केले? २००७ मध्ये जाहीर केले, की प्रॉव्हिडन्सच्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी एक कोटी डॉलरचा कायम निधी उभारू, गुलामगिरीच्या अभ्यासाचे केंद्र काढू, स्मारक करू. केंद्र २०१२ मध्ये सुरू झाले. स्मारक २०१४ मध्ये उभे राहिले, शिल्पकार मार्टिन पुरियर यांचे. जमिनीत अर्धवट रुतलेला लोखंडी गोळा, त्यातून वर आलेली जाड साखळी, आणि साखळी मध्येच तुटलेली. तुटलेली कडी आरशासारखी चकचकीत आहे, तिच्यात आभाळ दिसते. शाळांचा निधी मात्र रेंगाळला. दीड अब्ज डॉलर जमवणाऱ्या संस्थेला हा एक कोटी पुरा करायला २०२० साल उजाडले. सिमन्स तोवर ब्राउन सोडून गेल्या होत्या, पण हा ठपका त्यांच्याही कारकिर्दीवर आहे. प्रयोगशाळेवर देणगीदाराचे नाव लागते. झोपडपट्टीतल्या शाळेच्या निधीवर कुणाचे लागणार?

दुसराही आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. अध्यक्ष असताना त्या गोल्डमन सॅक्स या बड्या वित्तसंस्थेच्या संचालक मंडळावर होत्या. २००८ मध्ये बाजार कोसळला, सामान्यांची घरे गेली, तेव्हा विद्यार्थ्यांनी विचारले, की बटईदाराच्या मुलीचे तिथे काय काम? २०१० मध्ये त्या मंडळावरून बाहेर पडल्या. मी त्यांची बाजू घेणार नाही. थोरांच्या चरित्रातले असे पान फाडून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. पण ज्या बाईंनी दोनशे वर्षांपूर्वीची जमाखर्चाची वही उघडायला लावली, त्यांच्या वहीतले पान आपण का चिकटवून ठेवावे?

२०१२ मध्ये त्या ब्राउनच्या अध्यक्षपदावरून उतरल्या आणि पुढे ह्यूस्टनला गेल्या. विश्रांती ठरली होती. पण सत्तरी ओलांडल्यावर, २०१७ मध्ये, त्यांना जवळच्याच प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाने बोलावले. हे काळ्या विद्यार्थ्यांसाठी १८७६ मध्ये स्थापन झालेले सरकारी विद्यापीठ. जागा म्हणजे पूर्वीचा गुलामांचा मळा. आयव्ही लीगच्या मानाने इथे काहीच नाही. त्या आधी हंगामी, मग पूर्णवेळ अध्यक्ष झाल्या. तिथल्याही पहिल्या स्त्री. २०२० मध्ये मॅकेंझी स्कॉट यांनी त्या विद्यापीठाला पाच कोटी डॉलर दिले. काही भाग त्यांनी लगेच शेवटच्या वर्षांत पैशाअभावी अडकलेल्या मुलांच्या मदतीसाठी बाजूला काढला. सिडनी फ्रँक आठवतात ना? तेच.

२०२३च्या फेब्रुवारीत मात्र त्यांनी मुदतीआधी राजीनामा दिला. शेवटच्या महिन्यांत नेमणुकांचे अधिकार राहणार नाहीत, असे वरून कळवण्यात आले होते. नावापुरते अध्यक्ष राहायला त्या तयार नव्हत्या. आपल्याकडच्या किती कुलगुरूंना ही बातमी वाचून मान खाली घालावी लागेल, ते मी मोजत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास बंदी घातली. हार्वर्डच्या बाजूने त्या खटल्यात २०१८ मध्ये साक्ष द्यायला सिमन्स गेल्या होत्या. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला.

वेळ संपत आली, असे काचेपलीकडून खुणावत आहेत. एक राहिले. बी.ए.ला मी मराठी विषय घेतला तेव्हा घरात कुरबुर झाली, कॉलेजातही झाली. पहिल्या दिवशी घालायला माझ्याकडे शाळेचाच पोशाख होता. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी मला घरी बोलावले आणि कपाट उघडून एक निळी साडी काढून दिली. 'वापरलेली आहे हं, पण दोनदाच,' असे म्हणाल्या. अब्बांनी रात्री बसून तिला नवा फॉल लावला आणि इस्त्री केली, बोटाने चर्र करून. बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि रविवारचा रेडिओ चुकवत नाहीत, असे त्यांच्या सुनेने सांगितले. बाई, साडी अजून आहे. काठ थोडे विरले आहेत. फॉल अब्बांचाच आहे.